मामांचे अकरा टोले

जव्हारच्या आमच्या हायस्कुलात मामांनी सकाळची घंटा वेळेवर दिल्याचं मला आठवत नाही. हे मी अंदाजाने लिहीत नाही. आठवीत मला मनगटी घड्याळ मिळालं आणि तेव्हापासून मी वहीत रोज नोंद करू लागलो. सोमवार, अकरा सात. मंगळवार, अकरा बारा. जव्हारला रेल्वे नाही, पण शाळेच्या व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजवणारे शिपाई म्हणजे मामा. त्यांचं खरं नाव मला आत्ता, शाळेचा इतिहास लिहायला बसल्यावर दप्तरात सापडलं.

मामांना घड्याळ कळत होतं. ते बघायचे मात्र रस्त्याकडे. जामसरची बस वळणावर दिसली की सळई रुळावर पडायची. त्यामुळे जामसरची पोरं कधीच उशिरा आली नाहीत. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, म्हणून मामा मला शेठ म्हणत. "काय शेठ, किती वाजलं?" मी वेळ सांगितली की म्हणायचे, "तुझ्याकडं वाजलं असंल."

नववीत नवे मुख्याध्यापक आले. शाळा वेळेवर भरते का, असं त्यांनी वर्गात विचारलं. मी वही नेऊन दिली. आकडे बरोबर होते. मामांना तिथेच बोलावलं गेलं.

"मामा, घड्याळ कळत नाही का?"

"कळतं ना, सर. पण घड्याळ भिंतीवर राहतं. पोरं जामसरला राहतात."

हुकूम निघाला. अकराला अकरा टोले, शेवटच्या टोल्याला फाटक बंद, तीनदा बाहेर राहिलेल्याचं नाव कमी. आणि मी दर शनिवारी वही दाखवायची.

पहिल्या दिवशी जामसरच्या बसचे नऊ जण फाटकाबाहेर राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच नऊ. त्यांत माझ्या वर्गातली जनी होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "शेठ, उद्या तिसरा दिवस. मग मी भातलावणीला मोकळी." ती रागावलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामांनी बरोबर अकराला पहिला टोला दिला. मग सळई खाली ठेवून घाम पुसला. दुसरा टोला दिला. एका गुरुजींनी विचारलं, "मामा, हे काय?"

"अकरा द्यायचेत, गुरुजी. घाईत मोजायला चुकलो तर?"

नवव्या आणि दहाव्या टोल्यामध्ये त्यांनी तंबाखू मळली. दहावा पडला तेव्हा अकरा तेरा झाले होते. अकरा सोळाला जनी धावत फाटकातून आत आली, तिच्यामागे बाकीचे आठ. मग अकरावा टोला पडला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "काय शेठ, किती वाजलं?"

मी वहीत लिहिलं : अकरा.

शनिवारी मुख्याध्यापकांनी वही पाहिली. मुख्याध्यापक बहिरे नव्हते. त्यांनी आधी वहीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दहावी होईपर्यंत दर शनिवारी करत राहिले.

मामा निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. "बरं झालं," ते म्हणाले, "आता बस कधी येती ते कळंल." पुढे सहा वर्षांनी ते गेले. घड्याळ त्यांच्या घरी अजून आहे. चावी कोणी देत नाही.

जनी आज त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. इतिहासाचा मजकूर तिने परवा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"त्या दोन वर्षांत शाळा रोज अकराला भरली?"

"वहीत तसं आहे. सह्याही आहेत."

"मग आम्ही नऊ जण आत कसे आलो?"

मी म्हटलं, हवं तर ओळ बदलतो. ती म्हणाली, "राहू दे."

आता शाळेत विजेची घंटा आहे. ती अकराला आपोआप वाजते, सेकंदाचाही फरक नाही, मी तपासलं आहे. फाटक मात्र जनी स्वतः लावते. त्याआधी ती व्हरांड्यात येऊन रस्त्याकडे बघत उभी राहते.