तिमाहीराव

साडेचार वर्षांत त्यांनी मुंबईत एकही टिकाऊ वस्तू विकत घेतली नाही. छत्रीची काडी मोडली तर बांधून घेत, चप्पल तुटली तर शिवून घेत. नवी घ्या म्हटलं की म्हणत, "आता गावी जाऊनच घेईन. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." त्यांच्या हुकमात तसंच लिहिलं होतं, तीन महिन्यांसाठी. त्यावरून आमच्या खात्यात त्यांचं नाव तिमाहीराव पडलं. एकदा शिपायाने चुकून तोंडावरच तशी हाक मारली, तर त्यांनी शांतपणे "ओ" दिली.

मी तेव्हा फोर्टातल्या त्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. गिरगावातून चालत यायची. तिमाहीराव मूळचे खाडीपलीकडच्या एका लहान नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक. तिथे खाडीच्या काठाने तीन गावं. तीन नगरपालिका, तीन निरीक्षक, औषधांची तीन अर्धवट कपाटं, आणि आजाऱ्याला न्यायला गाडी मात्र एकाकडेही नाही. सरकारने अनुदान देऊ केलं, पण अट घातली की तिघांनी मिळून सगळी व्यवस्था नव्याने आखावी. एक दवाखाना, एक डॉक्टर, एक गाडी, तिन्ही गावांना सामायिक. ती योजना लिहायला माहितगार माणूस हवा, म्हणून तिमाहीरावांना मुंबईला बोलावून घेतलं होतं.

योजना त्यांनी अडीच महिन्यांतच लिहून दिली. मीच ती टाइप केली. कुठलं घर नाक्यापासून किती लांब आहे, कुठल्या वाडीत चाक रुततं, सगळं त्यांना पाठ होतं. इतकं बारीक कशाला लिहिता, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एका बाळंतिणीची हकिकत सांगितली. बैलगाडीतून तिला शेजारच्या गावी नेत होते आणि हे शेजारून कंदील धरून चालत होते. "वाटेत तिने मला दोनदा विचारलं, अजून किती लांब? मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं," एवढंच ते बोलले. पुढचं मी विचारलं नाही.

मग फाईल अडली. एका नगराध्यक्षांना दवाखाना आपल्या गावात हवा होता, दुसऱ्यांना गाडी आपल्या दारात उभी राहायला हवी होती, तिसरे कुठल्याच पत्राला उत्तर देत नसत. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. कधी हरताळ, कधी गोळीबार, कधी कचेरी दुपारीच बंद. आमचे साहेब म्हणायचे, "आधी राज्य कुणाचं ते ठरू दे, मग गाडी कुणाची ते बघू." द्वैभाषिक राज्य झालं, सरकारी कागदांचे नमुने बदलले, आणि तिमाहीरावांनी सगळी योजना पहिल्यापासून पुन्हा लिहिली. मुदतवाढीचे हुकूम येत राहिले, प्रत्येक तीन महिन्यांचा.

आमचं अख्खं गिरगाव मोर्चाला जाई. मी त्यांनाही बोलावलं. "येतो की," ते म्हणाले. "मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी. पण बाई, मला आधी तिच्यातून सुटायचंय." मोर्चात ते खरोखरच आले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी तेवढंच ऐकलं.

राहायला ते डिलाईल रोडला, गावाकडच्या आठ गिरणी कामगारांच्या खोलीत. पाळीपाळीने झोपायचं. सकाळी रात्रपाळीवाला आला की जागा सोडायची, मग रविवार असो की अंगात ताप असो. एका रविवारी मी विसरलेला डबा न्यायला कचेरीत गेले, तर हे बंद दाराबाहेर जिन्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून ओशाळले. "इथं वारा बरा येतो," म्हणाले. तिथे वारा अजिबात नव्हता.

लाँचचं भाडं परवडत नसे, म्हणून गावी जाणं होई ते गणपतीत आणि शिमग्याला. एका गणपतीहून परतले आणि दोन दिवस मान खाली घालून नुसत्या फायली लावत बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "धाकटी विचारत होती, बाबा, तुम्ही कधी जाणार? माझ्या डब्यात लाडू भरायचे होते तिला, म्हणून विचारलंन." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

एकदा सुटकेची वेळ आली होती. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. मी तिथेच मजकूर घेत बसले होते. साहेब म्हणाले, "हे बघा, तिन्ही गावांचं एकमेकांशी जमणं शक्य नाही, एवढं लिहून द्या. फाईल बंद करतो. उद्याच्या लाँचने घरी."

तिमाहीरावांनी कोरा कागद नेला. जागेवर बसून टाक दौतीत बुडवला, वाळू दिला, पुन्हा बुडवला. दुसऱ्या दिवशी तो कागद कोराच साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"का हो?" ते बाहेर आल्यावर मी विचारलं. मला रागच आला होता त्यांचा.

"खोटं लिहिलंही असतं. पण राहायला तिथंच जायचंय ना, बाई. त्याच रस्त्याने रोज जायचं."

पुढे महाराष्ट्र राज्य झालं. गिरगावात रोषणाई झाली, आणि काही महिन्यांनी ती फाईलही हलली. तिन्ही सह्या आल्या. शेवटचा मसुदा टाइप करताना एका कलमावर माझी बोटं थांबली. तीन आरोग्य निरीक्षकांच्या जागी यापुढे एकच निरीक्षक राहील. कलम नवं नव्हतं. पहिल्या मसुद्यातही ते होतं, त्यांच्याच अक्षरात. मीच कधी नीट वाचलं नव्हतं.

"हे तुमच्याच पोटावर येईल," मी म्हणाले.

"तिघांत मीच जुना आहे. मलाच ठेवतील," ते म्हणाले. "टाइप करा."

ठेवलं नाही. तिन्ही नगराध्यक्षांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते ह्याच गोष्टीवर. त्यांनी कळवलं की हे गृहस्थ आता मुंबईचेच झाले आहेत, जागा दुसऱ्या गावच्या निरीक्षकाला द्यावी. सरकारने तिमाहीरावांना आमच्या खात्यात कायम केलं. हुकूम मीच टाइप केला. त्यात महिन्यांचा उल्लेख नव्हता. साहेबांनी पेढे मागवले, आणि तिमाहीरावांनी ते स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटले.

परळला एक खोली मिळाली, तेव्हा घरची माणसं यायची ठरली. मी तिमाहीरावांबरोबर त्यांना उतरवून घ्यायला भाऊच्या धक्क्यावर गेले. लाँच लागली. दोन मुलींना पुढे घालून वहिनी उतरल्या, डोक्यावर पाटी, काखेत बोचकं. हसल्या नाहीत. तिमाहीरावांनी पुढे होऊन पाटी घेतली.

चालता चालता वहिनी म्हणाल्या, "परवा शेजारच्या शेवंतीला गाडीनं नेलंन. कळा सुरू झाल्या नि निरोप धाडला, तर भात शिजेपर्यंत गाडी दारात."

तिमाहीराव गर्दीतच थांबले. मागचे हमाल ओरडायला लागले. "आणि शेवंती?"

"बरी आहे. मुलगी झाली."

"डॉक्टर होता?"

"होता."

त्यांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. लाँच रिकामी होत होती, परतीची माणसं चढायला उभी होती. वहिनी जराशा पुढे गेल्या होत्या, त्या थांबल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"गाडी आली हो गावात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे आला नाहीत."