मटकीच्या दोन पुरचुंड्या

ईशा, निहार, हे आजच लिहून ठेवते आहे, कारण पुढे ते नीट आठवेल की नाही याची मला आता खात्री वाटत नाही.

काल संध्याकाळी भिजलेली मटकी फडक्यात बांधून कपाटात ठेवायला गेले, तर तिथे आधीच एक पुरचुंडी होती. फडक्यातून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. फ्रिजवर आठवड्याच्या जेवणाचा कागद लावलेला असतो. त्यावर सोमवारपुढे ‘बुधवारच्या उसळीसाठी मटकी भिजवणे’ आणि शेजारी माझ्याच हातची बरोबरची खूण. ती मी कधी केली, काही केल्या आठवेना.

“दोन-दोन पुरचुंड्या? पंगत बसवायची आहे का?” तुमचे आबा हसले.

“अहो, थट्टा नको. मला खरंच आठवत नाही.”

“मग गुरुवारी मिसळ करू. तुझ्या कागदालाही एकदा चुकू दे की!”

एवढं बोलून ते उठले आणि गॅसचं बटण बंद आहे ना, ते हळूच बघून आले. मी पाहिलं ते.

उसळीचा विचार दोन दिवस आधी करावा लागतो. इतकी वर्षं मी अशी पुढच्याच दिवसांत वावरत आले. मागचा दिवस आपोआप जपलेला राहतो, असंच धरून चालले होते. आता कागद लिहिताना मागचाही दिवस तपासते, आणि हात थबकतो.

आज बुधवार. उसळ केली. आमसुलं किती, गूळ किती, हे मला अजून कुठे बघावं लागत नाही.