औलिक्कीबाईंचा रशियन वर्ग

औलिक्की कीस्किनेन आमच्या शाळेत रशियन शिकवते. साइमा सरोवराच्या काठचं आमचं गाव फिनलंडच्या पूर्व टोकाला आहे. रशियाची हद्द गाडीने अर्ध्या तासावर. मी नगरपालिकेच्या शिक्षण खात्यात हिशेब पाहतो, त्यामुळे कुठला वर्ग परवडत नाही हे सांगायचं अप्रिय काम माझ्याकडे असतं.

औलिक्कीच्या वडिलांचं घर वीपुरीत होतं. दुसऱ्या महायुद्धात ते शहर रशियाकडे गेलं आणि तेव्हा लहान मुलगा असलेला तिचा बाप आईचा हात धरून इकडे आला. पुढे त्याच माणसाने आपल्या मुलीला रशियन शिकायला लावलं. शेजारीपाजारी चिडले, तेव्हा तो म्हणाला, "घर त्यांनी घेतलं, ते घेतलं. आता ते काय बोलतात, तेही दुसऱ्याने येऊन आपल्याला सांगायचं का?"

बरे दिवस होते तेव्हा औलिक्कीला उसंत नव्हती. पीटर्सबर्गहून गिऱ्हाइकांच्या बसगाड्या भरून यायच्या. चीज, कॉफी, भांड्यांचा साबण घेऊन जायच्या. दुकानांतल्या मुलींना तिने रशियन शिकवलं. कागद गिरणीत तिकडचं लाकूड यायचं, त्या बोलाचालीलाही तीच. मग युक्रेनवर हल्ला झाला. लाकूड थांबलं, गिऱ्हाईक थांबलं, आम्ही नाटोत गेलो आणि हद्दीवरचं फाटक बंद झालं. दुकानांवरच्या रशियन पाट्या उतरल्या.

राहिला तिचा वर्ग. नवी मुलं आली नाहीत तर तो बंद करायचा, असं ठरलं. फेब्रुवारीत पालकांची सभा भरली. औलिक्की थोडकंच बोलली.

"मला रशियनांचं प्रेम उतू चाललंय असं समजू नका. पण फाटक लावलं म्हणून शेजारी उठून जात नाही. कोण घालणार मुलं?"

एकही हात वर झाला नाही. मधोमध वेलचीच्या बनांचं ताट होतं, त्यालाही कोणी शिवलं नाही. सगळे कॉफी पिऊन घरी गेले.

"बरं झालं, हे बघायला बाबा नाहीत," भरलेलं ताट उचलत ती म्हणाली.

शनिवारी सरोवराकाठच्या सौनात, म्हणजे गावाच्या वाफेच्या न्हाणीघरात, पुरुषांच्या वेळेला गेलो. वरच्या बाकावर सीमारक्षक तेप्पो आणि गिरणीतून निवृत्त झालेला वेइक्को. तापल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली आणि तेप्पोला कंठ फुटला.

"काय हिशेबनीस, बाईंचा वर्ग मोडीत काढलात ना?"

"मी? सभेला तू होतास की. तोंडाला कुलूप होतं का?"

"माझी पोरगी तर जाणारच आहे त्या वर्गाला! मी हद्दीवर दुर्बीण घेऊन उभा असतो. पलीकडचे काही ओरडले तर मला त्यातलं 'सिगारेट' तेवढं कळतं. पोरीचं तसं नको."

"मग हात का नाही वर केलास?"

"सगळ्यांच्या आधी? मी?"

वेइक्को खदखदून हसला. "अरे, पहिला बन उचलायची छाती नव्हती एकाची, आणि म्हणे हात! माझे दोन्ही नातू धरा. आणि पाणी टाका रे, हिवाळा वाटायला लागलाय इथे."

मी कपाळावर हात मारला. आमच्या माणसांत भर सभेत कोणी पहिला होत नाही, आणि गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. जन्म इथे गेला तरी मी आणि औलिक्कीने तो नकारच समजला होता. ओल्या केसांनीच औलिक्कीला फोन लावला.

पुढच्या शनिवारी सौनात बायकांच्या वेळेला ती टॉवेल घेऊन हजर. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. ती लालबुंद चेहऱ्याने हसत बाहेर आली आणि म्हणाली, "खुर्च्या वाढवायला लागतील हं तुला."

मी लवकरच निवृत्त होईन. आजवर पुष्कळ खर्च मंजूर केले; छाती फुगावी असा हा एकच.

ऑगस्टमध्ये वर्ग भरला, तेव्हा मी मुद्दाम दाराशी जाऊन उभा राहिलो. नमस्कार कसा म्हणायचा, असं कोणीतरी विचारलं.

"तो नंतर," म्हणत औलिक्कीने फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं. पोरांनी ते एका सुरात म्हटलं. तेप्पोच्या मुलीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

वाक्याचा अर्थ होता : 'तुम्ही काय म्हणालात, ते मला समजलं.'