कीबोर्ड न जोडलेला कॉम्प्युटर

बरेच महिने मी इथले अनुभव नुसतेच वाचत होते. खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात उत्तरंही देत होते… हा वाऱ्याचा आवाज असेल, तो झोपेतला भास असेल. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घेते. एखादं सर्किट विचित्र वागलं तर कुठेतरी सोल्डर केलेला जोड सुटलेला असतो, एवढाच माझा आयुष्यभराचा विश्वास. भूतखेत, आत्मा, संकेत यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आजही मानते असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते एकदा कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी आणि माझा नवरा मिलिंद. मिलिंद मूळचा दिंडोरीजवळच्या एका गावचा, घरची द्राक्षबाग. बाग त्याचे मोठे भाऊ, अण्णा, बघायचे. मिलिंद सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता.

त्याला एकच नाद होता. नव्वदच्या आसपास, तो शिकत असताना, त्याच्या एका मित्राकडे टीव्हीला जोडायचा होम कॉम्प्युटर होता. कीबोर्डच्या डब्यातच सगळं मशीन, आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून लोड करायचा. मित्र कुणाला हात लावू द्यायचा नाही. मिलिंदने तो फक्त लांबून पाहिला होता, आणि ते त्याच्या डोक्यात इतकी वर्षं राहिलं होतं. घरात चांगला पेंटियम असताना याने हॉलमधल्या टेबलावर तसला जुना कॉम्प्युटर स्वतः बनवायला घेतला. झेड-एटी नावाचा त्या काळचा प्रोसेसर, भद्रकालीतल्या जुन्या बाजारातून शोधून आणलेल्या चिप्स, आणि मॉनिटर म्हणून एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.

मी चिडवायचे, "अरे, याच्यावर साधं पत्रसुद्धा टाइप होणार नाही."

"नाही होणार. पण त्या पेंटियमच्या आत काय चाललंय ते मला कळत नाही. याची एकेक वायर मला माहीत असेल," तो म्हणायचा.

आणि खरंच, एकेक वायर त्याने मला समजावून सांगितली होती. चहा पिताना, जेवताना. मी कंटाळायचे, पण ऐकायचे.

ते मशीन अर्धवट असतानाच मिलिंद गेला. कारखान्यात, ड्युटीवर, हार्ट अटॅक. छत्तीस वर्षांचा होता.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही, कारण मला काही वाटतच नव्हतं. सगळं नीट चालू होतं… कॉलेज, स्वयंपाक, विम्याची कामं. एकदा लॅबमध्ये एका मुलीने सप्लाय उलटा जोडला आणि कपॅसिटर फुटला. धूर, आरडाओरडा. मी खुर्चीत बसून त्या धुराकडे बघत राहिले. शेवटी शिपायाने येऊन मेन स्विच बंद केला. नंतर सगळे मला "मॅडम, घाबरलात का?" म्हणून विचारत होते. मी घाबरलेच नव्हते. तीच तर अडचण होती.

अण्णा एकदा भाजी घेऊन आले. मला ते मुलीसारखं वागवायचे. टेबलाकडे बघून म्हणाले, "वृंदा, हे खोकं घेऊन जाऊ का मळ्यात? सारखं डोळ्यापुढं नको."

"राहू द्या, अण्णा."

"तुला तरास होतो म्हनून म्हनलं."

"नाही होत," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

पण ते गेल्यावर मी टेबलाशी बसले आणि सोल्डरिंग गन गरम केली. का, ते माहीत नाही. हाताला काम हवं होतं बहुतेक. मग रोज थोडं थोडं करत गेले. टीव्हीकडे जाणारा भाग राहिला होता, तो पुरा केला. कीबोर्डचं काम बाकी होतं, ते नंतर बघू म्हटलं. कीबोर्ड कपाटात वरती ठेवलेला होता. त्याची केबलसुद्धा तयार नव्हती.

प्रोग्रॅमची चिप मी स्वतः कॉलेजच्या लॅबमध्ये भरली. आधी ती पूर्ण पुसून घेतली होती. प्रोग्रॅम म्हणजे काय तर स्क्रीन साफ कर, वरच्या ओळीत 'नमस्कार' हा एक शब्द दाखव आणि थांब. इतकंच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण त्या मशीनमध्ये दुसरं काहीही नव्हतं. जे होतं ते मी स्वतःच्या हाताने भरलं होतं.

ऑक्टोबरमधला एक रविवार, दुपारची वेळ. बाहेर कडक ऊन, खाली पोरांचं क्रिकेट चाललं होतं. मी चिप बसवली, सगळं एकदा तपासलं आणि स्विच ऑन केला. टीव्हीवर आधी खरखर आली, मग काळा पडदा, आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार'.

चाललं. पहिल्याच झटक्यात चाललं.

मला वाटलं होतं, आता रडू येईल. निदान आनंद तरी होईल. काहीच झालं नाही. मी उठले आणि चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले तर स्क्रीनवर खाली आणखी एक ओळ होती.

'अण्णा विहिरीत'

अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. आणि विहिरीतला 'व' डब्ल्यूने लिहिलेला. मिलिंद एसएमएस करताना कायम तसंच लिहायचा, मी कितीदा हसायचे त्याला.

मी उभीच होते. माझ्या डोळ्यांसमोर खालच्या ओळीत एकेक अक्षर उमटायला लागलं. सावकाश, एका बोटाने टाइप करावं तसं. एम… ओ… टी… ओ… आर.

'मोटर'

मग काही नाही.

मला भीती वाटली नाही. अंगावर काटा वगैरे काही नाही. मी कप खाली ठेवला आणि मळ्यातल्या घरी फोन लावला, जसा एरवी लावते तसा. फोन माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, उचलला.

"ताई, अण्णा कुठायत?"

"विहिरीत उतरल्यात. पाणी कमी येतंय, मोटरच्या जाळीत शेवाळ आडकलंय म्हनत व्हते. का गं?"

"त्यांना वर बोलवा."

"काय झालं?"

"आधी वर बोलवा. पाण्यातून बाहेर यायला सांगा."

"अगं, लाइट नाय आत्ता. संध्याकाळशिवाय येत नाय. मोटर बंदच हाय."

"ताई, तुमच्या पाया पडते. आत्ताच्या आत्ता बोलवा."

माझा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. जाऊबाई नंतर म्हणाल्या, अगदी शांत होता, म्हणूनच त्या घाबरल्या. त्यांनी रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला. विहीर घराला लागूनच आहे. मला त्यांच्या हाका ऐकू येत होत्या… "अवो, वर या! वृंदाचा फोन हाय! आधी वर या म्हनते मी!" मग लांबून अण्णांचा वैतागलेला आवाज. मग बराच वेळ काही नाही. फक्त कोंबड्या.

आणि मग फोनमध्ये एकदम टीव्ही सुरू झाला. कसलीतरी साबणाची जाहिरात, मोठ्ठ्या आवाजात.

म्हणजे मळ्यात लाइट आली होती.

मी रिसीव्हर कानाला धरून जाहिरात ऐकत राहिले. शेवटी कुणीतरी धापा टाकत फोनवर आलं. अण्णा होते.

"वृंदा… कोनी सांगितलं तुला?"

"तुम्ही वर आलात ना?"

"वरच्या शेवटच्या पायरीवर व्हतो. तेवढ्यात लाइट आली. मोटर ऑटोवर राहिली व्हती माझ्याकडून, आपोआप चालू झाली अन् लगेच फ्यूज उडाला. केबल कपारीला घासून कापलीय, आता दिसतंय मला." मग म्हणाले, "पान्यातले मासे उलटे झाल्यात. समदे."

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी… त्यांची मोटर पाणबुडी, म्हणजे पाण्यात बुडालेली असते. केबलही पाण्यातूनच जाते, ती कापलेली असेल तर करंट पाण्यात उतरतो. ऑटो स्विच असला की लाइट आल्यावर मोटर स्वतःहून सुरू होते. हाका ऐकू आल्या तेव्हा अण्णा छातीएवढ्या पाण्यात उभे होते.

फोन ठेवून मी स्क्रीनकडे बघितलं. तिन्ही ओळी तशाच होत्या. संध्याकाळ झाली तरी होत्या. मग आमच्याकडची लाइट गेली आणि स्क्रीन विझला. परत आली तेव्हा फक्त 'नमस्कार'.

फोटो काढला का असं कुणी विचारेल. माझ्या तेव्हाच्या मोबाइलला कॅमेरा नव्हता, आणि असता तरी सुचलं नसतं.

त्यानंतर मी ते मशीन तपासायचं तेवढं तपासलं. चालू करताना मेमरीत कचरा असतो आणि कधी कधी तो अक्षरांसारखा दिसतो, हे मला माहीत आहे. पण माझा प्रोग्रॅम आधी स्क्रीन साफ करत होता, आणि ती केली होती. चिप काढून लॅबमध्ये वाचून पाहिली, मी भरलं होतं तेवढंच निघालं. अण्णा विहिरीत उतरणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच दुपारी जेवल्यावर ठरवलं होतं.

काही दिवसांनी अण्णा घरी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ना हसण्यावारी नेलं, ना देवाचं नाव घेतलं. फक्त म्हणाले, "चालू कर."

मी चालू केलं. 'नमस्कार' आलं. अण्णा टोपी मांडीवर ठेवून टेबलासमोर बसले. एवढा आडदांड माणूस, पण अगदी हळू आवाजात बोलत होते. "मिल्या… अरे, मी हाय बरं का. बरा हाय मी. केबल नवी टाकली."

स्क्रीनवर काही आलं नाही. ते तरीही बसून राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याशी काय बोलला का गं तो?"

"नाही."

"कायच नाय?"

"काहीच नाही, अण्णा. मोटरचं तेवढं सांगितलं."

हे बोलता बोलता मला राग आला. तो गेल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं, आणि ते हे होतं. मी अण्णांच्या समोर टेबलावर हात आपटला आणि मोठ्याने रडले. अण्णा उठले नाहीत, गप्प बस म्हणाले नाहीत. मिलिंद नाही हे त्या दिवशी मला समजलं.

ते मशीन अजून चालतं. कीबोर्डही पुढे जोडला. विद्यार्थ्यांना दाखवते, त्यांना गंमत वाटते. पुन्हा कधीही त्यावर आपोआप काही उमटलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इथे कुणी इंजिनियर असतील तर जरूर सांगा, मी ऐकेन. पण एक गोष्ट सर्किटमध्ये कुठेच बसत नाही, आणि ती मी आजपर्यंत कुणाला विचारलेली नाही. ती पहिली ओळ आली तेव्हा मी चार पावलांवर, स्वयंपाकघरात होते. दार उघडं होतं. तो आलाच होता, तर त्याने मला एक हाक का नाही मारली?