मान खाली जाण्यापूर्वी

‘निर्दोष असता, तर कॅमेऱ्यापुढे मान खाली घातली नसती,’ असे आमच्या गावाचे एकमत झाले आहे. मला ते मान्य नाही.

खाडीत होडी उलटून दोन माणसे बुडाली. नावाडी सखारामवर खटला भरला गेला आणि त्याचे वकीलपत्र मी या वयात घेतले. न्यायालयाच्या पायऱ्यांवर वार्ताहरांनी त्याला गाठून विचारले, ‘चूक तुझीच ना?’ त्याचे ओठ हलले आणि मान खाली गेली. तेवढेच दृश्य आता घरोघरी फिरते आहे.

‘काय वकीलसाहेब, अशील मुका झाला का?’ न्हावी वस्तरा थांबवून विचारतो. त्याला काय सांगावे? आरोपीने खटल्याआधी उच्चारलेले साधे वाक्य पुढे न्यायालयात भलत्याच अर्थाने वाचले जाताना मी अनेकदा ऐकले आहे. पण न उच्चारलेले वाक्यही गाव इतक्या खात्रीने वाचून दाखवील, हे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकाने मला शिकवले नव्हते.

काल सखारामची बायको माझ्या दारात येऊन म्हणाली, ‘भाऊसाहेब, एक शब्द तरी बोलायचा होता यांनी. आता माझ्याच मनात नको ते येतंय.’

तरीही गावाचे म्हणणे खोटे आहे. ते दृश्य नीट पाहा. मान खाली जाण्यापूर्वी सखाराम क्षणभर उजवीकडे पाहतो. तिथे, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, मी उभा होतो आणि मानेनेच त्याला ‘नको’ म्हणालो होतो.