दहा परक्या चाव्या

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा लॉकची माहिती लिहून उठलो. आज आधी त्या खोलीबद्दल लिहितो.

पंचवटीत एका संस्थेचं छोटं ऑफिस होतं. घरी पडून असलेल्या, बऱ्या न होणाऱ्या पेशंटकडे ही संस्था डॉक्टर आणि नर्स पाठवायची. त्या दिवशी ऑफिसच्या टेबलावर डॉक्टरांच्या मोटारसायकलची उजवी पेटी काढून ठेवली होती. मोठ्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी अशा पेट्या लावतात. आत कापूस, हातमोजे, सुया सगळं जागच्या जागी होतं. मॉर्फिनच्या गोळ्यांचं पाकीट तेवढं नव्हतं.

पेटीला ओरखडा नव्हता आणि लॉक शाबूत होतं. चाव्या दोनच, एक डॉक्टरांच्या खिशात आणि दुसरी सुमन सिस्टरच्या पर्समध्ये.

"काकांना बोलवा," असं सिस्टरच म्हणाली होती. "लॉक त्यांनी केलंय. ते काय सांगतील ते मला मान्य."

म्हणून मी तिथे होतो. साक्षीला मला तिने बोलावलं होतं, हे नीट लक्षात ठेवावं.

मी अंबडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं लॉकच्या लाइनवर काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्टर म्हणून. मोटारसायकलची, डिकीची, पेटीची लॉक माझ्या हाताखालून जायची. रिटायर झालो आणि दुसऱ्याच वर्षी बायको आजारी पडली. पोटाचा कॅन्सर. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मग या संस्थेचे डॉक्टर आणि सिस्टर आमच्याकडे यायला लागले.

सुमन सिस्टर पेठ गावाच्या पलीकडची. चाळिशीची, काटक. जिने चढून आली की आधी स्वयंपाकघरात डोकवायची.

"काका, आज चहा तुम्ही केला का?"

"हो."

"मग काकूंचं औषध आधी देते. त्या कडूपुढे तुमचा चहा गोड लागेल."

बायको हसायची. त्या महिन्यांत ती दोनच वेळा हसायची, सिस्टर आली की आणि सिस्टर जाताना माझ्याबद्दल काही बोलली की. तिची पाठ पुसायची, केस विंचरायचे, तोंडाला आलेले फोड कापसाने टिपायचे, हे सगळं सिस्टर करायची. मला ते जमत नव्हतं.

एकदा बायकोच्या पोटात फार कळा येत होत्या. मी गॅलरीत उभा होतो. खाली मोटारसायकल आली. डॉक्टर उतरले आणि चाव्या चाचपायला लागले. गाडीची एक, डाव्या पेटीची दुसरी, उजव्या पेटीची तिसरी. तिसरी सापडेना. आत बायको कळवळत होती आणि औषध खाली पेटीत होतं. पाच-सात मिनिटं गेली असतील. चावी सिस्टरच्या डब्याच्या पिशवीत निघाली.

मी त्याच दिवशी डॉक्टरांना म्हणालो, "रविवारी दोन्ही पेट्यांची लॉक काढून द्या. गाडीच्याच चावीने उघडतील असं करून देतो."

"घरी होईल हे, काका?"

"आयुष्यभर हेच केलंय मी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लॉकच्या आत चावीबरोबर फिरणारा एक भाग असतो, त्याला प्लग म्हणतात. आमच्या या लॉकच्या प्लगमध्ये सहा बारीक पितळी पत्त्या होत्या आणि प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग. चावी नसताना पत्त्या बाहेर डोकावतात, म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर चावी घातली की साऱ्या एका सपाटीत येतात आणि प्लग फिरतो. पत्त्यांवर नंबर असतात. चावीच्या खाचांप्रमाणे नंबर बदलून लावले की ते लॉक त्या चावीचं झालं. याला री-की करणं म्हणतात. गाडी आणि पेट्या एकाच कंपनीच्या होत्या, त्यामुळे गाडीची चावी लॉकमध्ये जात होती. बाकी काम पत्त्यांचं.

मी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि त्यावर परात ठेवली. काम परातीतच करायचं, कारण स्प्रिंग उडाली तर घरात सापडत नाही. भिंग आणि चिमटा घेतला. कारखान्यातून आणलेली जुन्या पत्त्यांची पुडी होती. डावं लॉक तासाभरात झालं. सहाच्या सहा पत्त्या नंबरानुसार बसल्या.

उजव्या लॉकला पत्त्या कमी पडल्या. तीन नंबरच्या दोन हव्या होत्या, पुडीत एकही उरली नव्हती. आणखी दोन जागीही नंबर जुळत नव्हते. बाजारात या सुट्या मिळत नाहीत. ओळखीच्या माणसाला कारखान्यात फोन केला असता तर आठवड्याभरात आल्या असत्या.

मी दोन जागा रिकाम्या सोडल्या. दुसऱ्या दोन पत्त्या चावी आत ठेवूनच कानशीने घासल्या, बाहेर आलेला भाग सपाट होईपर्यंत. सहा पत्त्यांपैकी खऱ्या कामाच्या दोनच उरल्या. गाडीची चावी घातली. लोण्यात फिरावी तशी फिरली.

कारखान्यात आमची एक तपासणी होती. लॉक त्याच्या चावीने उघडतं का, हे तर कोणीही बघतं. इन्स्पेक्टरचं काम त्यानंतर सुरू होतं. त्याच जातीच्या, पण वेगळ्या खाचांच्या दहा चाव्या एका कडीत असायच्या. आम्ही त्यांना परक्या चाव्या म्हणायचो. एकेक घालून बघायची. एकीनेही लॉक उघडलं तर माल परत. रिटायर होताना सहकाऱ्यांनी गंमत म्हणून ती जुनी कडी मला भेट दिली होती. टेबलाच्या खणातच होती ती.

बायकोला नुकती झोप लागली होती आणि चाव्या खुळखुळल्या असत्या. पुढची आठ वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आलो. खरं म्हणजे मला माहीत होतं काय होईल ते.

संध्याकाळी डॉक्टर आले. चावी फिरवून बघितली आणि म्हणाले, "काका, मानलं तुम्हाला." सिस्टर म्हणाली, "काकू, तुमचा नवरा तसा उपयोगाचा आहे हो!" बायको हसली.

दोन महिन्यांनी बायको गेली. शेवटच्या दिवसांत तिला कळा सोसाव्या लागल्या नाहीत. औषध वेळेवर मिळत होतं. त्यानंतर तीन महिन्यांनी मला पंचवटीच्या त्या ऑफिसात बोलावलं.

संस्थेचे सचिव खुर्चीत बसले होते. डॉक्टर खिडकीपाशी उभे. सिस्टर दाराशी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी आलो तसा तिचा चेहरा सैल झाला.

सचिवांनी विचारलं, "हे लॉक चावीशिवाय उघडू शकतं का?"

"चावीशिवाय नाही."

"दुसऱ्या एखाद्या चावीने?"

इथे मी थांबलो. समोर माझंच लॉक होतं. उघडू शकतं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का उघडतं? मग कानस, रिकाम्या जागा, सगळं सांगावं लागलं असतं. डॉक्टर म्हणाले, "सचिवसाहेब, काका सत्तावीस वर्षं या कामात आहेत. त्यांच्या हातचं काम आहे हे."

मी म्हणालो, "नाही. दुसऱ्या चावीने उघडणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

सिस्टरने पर्समधून चावी काढली, पेटीशेजारी ठेवली आणि ती हातांकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "मग माझ्याकडूनच उघडी राहिली असंल कुठं तरी. मला आठवत नाही, डॉक्टर."

तिला पोलिसांत दिलं नाही. ते उपकार म्हणून तिला सांगितलं गेलं. अशी औषधं हरवली की वर कळवावं लागतं, ते कळवलं आणि त्यात तिचं नाव गेलं. शहरात तिला पुन्हा कोणी नर्स म्हणून ठेवलं नाही.

महिन्याभराने डॉक्टर ते लॉक घेऊन आले. "हे बदलून नवं बसवा काका. आता मनाला बरं वाटत नाही."

ते गेल्यावर मी खण उघडला. कडी काढली आणि दहा परक्या चाव्या एकेक करून घातल्या. पहिली अडली. दुसरीने उघडलं. सहा चाव्यांनी उघडलं. गल्लीबोळांत पेशंटच्या दारासमोर ती मोटारसायकल तासतासभर उभी असायची. तशी चावी खिशात असलेला कोणीही ती पेटी उघडू शकला असता. कोणी उघडली, ते आजवर कळलं नाही.

डॉक्टरांना फोन करायला मी हातात मोबाइल घेतला आणि परत ठेवला. मग नवं लॉक बसवलं, नीट, सहा पत्त्यांचं. ते न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "जुन्यात काही दोष होता का?"

"झिजलं होतं," मी म्हणालो.

तीन वर्षं गेली. ओळखीच्या एका बागायतदाराने सायखेड्याला बोलावलं होतं, पंपाच्या खोलीच्या लॉकसाठी. त्याच्या द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी मणी विरळायला आली आहे आणि त्यांत कोणी शिकलेली बाई मजुरांना औषधं देते, असं तो सहज बोलला. मी नाव विचारलं. "सुमनबाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीने पुन्हा गेलो. ती वेलीखाली कात्री घेऊन उभी होती. बोटं हिरवी झालेली. मला बघून डोक्याचा रुमाल सोडला.

"काका? इकडं कुठं? बसा, बसा. पायाला सूज दिसती."

मी बांधावर बसलो. ती खाली वाकली आणि अंगठ्याने माझा घोटा दाबला. खळगा पडला. "बघा. बीपीची गोळी बंद केली ना? काकू असत्या तर चालू दिलं असतं का हे?"

"सिस्टर," मी म्हणालो.

"कोण म्हणतंय आता सिस्टर!" ती हसली. "बोला."

"त्या दिवशी ऑफिसात..."

"ते सोडा. तुमचा काय दोष? लॉकातलं तुम्हाला कळतं, तुम्ही खरं तेच सांगितलं. मीच कुठं तरी विसरले. अजून आठवायला बघते मी. कोणाच्या घरी उघडी राहिली असंल? एकेक घर आठवते. पण नाही आठवत."

तीन वर्षं ती न केलेली चूक आठवत होती. मी समोर बसलो होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "प्यायला पाणी मिळेल का?"

तिने पाणी आणून दिलं. मी प्यायलो. मुकादमाने तिला हाक मारली. "गोळी घ्या रोज," म्हणून ती ओळीत परत गेली.

पुढच्या हंगामात मी लवकर गेलो. टोळी तीच होती, ती नव्हती. मुकादम म्हणाला, "सुमनबाई? कावीळ झाली हो, पावसाळ्यात गेली. दुसऱ्यांना औषधं द्यायची लय, सोताचं नाय बघितलं."

हल्ली माझा भाचा मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवतो, पेट्यांची लॉक घरच्या घरी री-की कशी करायची त्याचे. "मामा, सोपं आहे ना?" सोपं आहे. परात घ्या, भिंग घ्या, पत्त्या पुऱ्या असल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि आपल्या चावीने लॉक उघडलं म्हणून खूश होऊ नका. ते दुसऱ्या चावीने उघडत नाही, एवढं बघा.

ते जुनं लॉक आणि ती कडी माझ्या खणात आहेत. या लिखाणाची एक प्रत डॉक्टरांना आणि एक तिच्या भावाला पाठवतो आहे. त्या दिवशी सायखेड्याच्या एसटीत मी तिच्याशी काय बोलायचं ते पाठ करत गेलो होतो. चारच वाक्यं होती. बांधावर बसेपर्यंत तोंडात होती.

सिस्टर, पेटी तुमच्याकडून उघडी राहिली नव्हती. लॉक मी बिघडवलं होतं. ते मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ करा.