केसाएवढं टोक

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, सांभाळून घ्यावं.

गांधीबागेत एक म्हातारे घड्याळजी बसत. आमच्या ह्यांच्या घड्याळातला आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती बारीक काडी, मोडला होता; ते मी त्यांच्याकडे नेलं. कोराडीची पहाटेची बस आणखी एकदा हुकली, तर ह्यांचं काम जाणार होतं. तसा आस बाजारात मिळेना, म्हणून घड्याळजी पोलादाच्या काडीतून नवा कोरत होते, केसाएवढ्या टोकाचा. बारीक तुकडा उडून हरवू नये म्हणून धोतराचा फडका टेबलापासून कमरेपर्यंत बांधत. कोरताना श्वास रोखत, मग थकून भिंतीला टेकत.

त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "पोरी, तू कोष्ट्याच्या घरची नं वं? तुले बारीक दिसते. टोक चमकून राहिलं का?"

मी लाजत पाहिलं. "एका बाजूनं नाही, बाबा."

"मले तं दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या," म्हणत ते हसले आणि पुन्हा घासायला बसले.

घड्याळ चाललं, काम टिकलं. पैसे मी थोडे थोडे दिले. शेवटचं नाणं हातावर ठेवलं, तेव्हा त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग अंगठ्यानं चाचपलं.

"आठ आणेच हायेत नं?"

"आठ आणेच, बाबा. सारे फिटले."